मोझार्टच्या 'व्हायोलिन सोनाटां'मध्ये पियानोच जास्त का वाजतो?

नाव व्हायोलिनचं आणि अर्धा वेळ व्हायोलिन पियानोच्या आडोशाला, मग रेकॉर्डिंगमध्येच काही गडबड आहे का, असं तुम्ही विचारलंय. रेकॉर्डिंग ठीक आहे, गडबड नावात आहे. व्हायोलिन शिकताना मीही असाच हिरमुसलो होतो.

सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, काही भागांची रचना. त्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात, या रचना 'हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) किंवा पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीसह' अशा छापल्या जात. म्हणजे मैफल पियानोची, व्हायोलिन साथीला. १७६४ साली पॅरिसमध्ये आठ वर्षांच्या मोझार्टच्या पहिल्या सोनाटा छापल्या, त्यांच्या मुखपृष्ठावर तर 'व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील' एवढंच आहे. साथीदार नाही आला तरी बिघडत नाही! शिवाय तेव्हाच्या पियानोचा स्वर चटकन विरायचा. तो धरून ठेवायला व्हायोलिन सोयीचं.

मोझार्टने हे हळूहळू बदललं. १७७८ची ई मायनर सोनाटा (के. ३०४; 'के.' म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ऐका. सुरुवातीला दोन्ही वाद्यं एकच सुरावट वाजवतात, खाली कसलाही भराव नाही. मग तीच सुरावट एकटं व्हायोलिन घेतं आणि पियानो साथीला जातो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याची आई वारली. या सोनाटेतलं दुःख तिच्या जाण्याचंच, असं लोक म्हणतात. मला हे जोडणं जरा घाईचं वाटतं.

माझी लाडकी मात्र के. ४५४. एप्रिल १७८४मध्ये व्हिएन्नात रेजिना स्त्रिनासाक्की या इटालियन व्हायोलिनवादक बाईंबरोबर वाजवायला त्याने ती लिहिली. वेळ इतका कमी पडला की बाईंचा व्हायोलिनचा भाग तेवढा लिहून झाला, स्वतःचा त्याने बहुतेक डोक्यातूनच वाजवला. हस्तलिखितात पियानोचा भाग नंतर, वेगळ्या शाईने, मिळेल त्या जागेत कोंबलेला दिसतो. गंमत म्हणजे घाईत लिहिलेल्या याच सोनाटेत दोघं खरे बरोबरीचे. सुरुवातीचा संथ भाग घाई न करता ऐका.

एवढं करूनही पुढच्या पिढीतल्या बेथोव्हेन या संगीतकाराच्या पहिल्या तीन व्हायोलिन सोनाटा (ओपस, म्हणजे प्रकाशन क्रमांक, १२) १७९९मध्ये छापल्या गेल्या त्या 'पियानोसाठी, व्हायोलिनसह' म्हणूनच. तुमची तक्रार पूर्ण फिटायला हवी असेल तर बेथोव्हेनची १८०३ची 'क्रॉइत्झर' सोनाटा लावा. पहिले चार बार (तालाचे छोटे खंड) एकटं व्हायोलिन वाजतं, आणि पियानो थांबून राहतो.