ग्लुकोज पेशीत जातं ते डिफ्युजनने की अ‍ॅक्टिव ट्रान्सपोर्टने?

तुमच्याकडच्या एका नोट्समध्ये ग्लुकोज फॅसिलिटेटेड डिफ्युजनने (प्रोटीनच्या मदतीने, पण जास्तीकडून कमीकडे, एनर्जी न लागता) जातं असं लिहिलंय, दुसऱ्यात अ‍ॅक्टिव ट्रान्सपोर्टने (एनर्जी खर्चून, कमीकडून जास्तीकडे), आणि यातलं चूक कुठलं असं विचारलंय. चूक कुठलंच नाही. आतड्याच्या तर एकाच पेशीत दोन्ही चालतं.

गडबड होते ती 'प्रोटीन लागलं की अ‍ॅक्टिव' हे डोक्यात बसल्यामुळे, माझ्याही बरीच वर्षं बसलं होतं. पेशीच्या मेंब्रेनचा (आवरणाचा) मधला थर चरबीचा, त्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आरामात आरपार जातात, पण ग्लुकोज पाण्यात विरघळणारं आणि त्यामानाने मोठं, आयनांवर चार्ज, त्यांना प्रोटीनचं दार लागतं. दार असलं म्हणून कोणी ढकलतंय असं थोडंच आहे! बघायचं एवढंच की पदार्थ जास्तीकडून कमीकडे चाललाय की उलटा, आणि उलटा असेल तर एनर्जी कोण देतंय.

स्नायूच्या पेशीत ग्लुकोज उतारावरूनच, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, आत येतं, ग्लुट नावाच्या दारातून. आत आल्या आल्या त्याला फॉस्फेट चिकटवलं जातं, त्यामुळे मोकळं ग्लुकोज आत कमीच राहतं आणि उतार टिकतो. फक्त दारं मोजकी, म्हणून बाहेर कितीही ग्लुकोज वाढवलं तरी एका हद्दीनंतर वेग वाढत नाही, ग्राफ आडवा होतो. साध्या डिफ्युजनचा ग्राफ सरळ चढत राहतो.

आता आतडं. पचन संपत आलं की पोकळीत ग्लुकोज कमी, पेशीत जास्त, तरी उरलेलं आत ओढायचंय. तिथे एसजीएलटी१ हे प्रोटीन असतं. २ सोडियम आयन उतारावरून आत येतात आणि येताना एका ग्लुकोजला चढावर ओढून आणतात. यात एटीपी (पेशीचं एनर्जीचं चलन) थेट खर्च होत नाही आणि इथेच सगळे अडकतात, कारण मग हे अ‍ॅक्टिव कसं? तर सोडियमचा तो उतार तयार कोणी केला ते बघा. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो, एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. बिल पंप भरतो, ग्लुकोज त्याच्या जिवावर आत येतं, म्हणून सेकंडरी अ‍ॅक्टिव. पुढे त्याच रक्ताकडच्या बाजूने ग्लुट२ मधून ग्लुकोज बाहेर पडतं, ते परत उतारावरूनच.

ही सोडियम-ग्लुकोजची जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. ओआरएसमध्ये मिठासोबत साखर असते ती चवीसाठी नाही, याच दारासाठी. २००२ पासूनच्या डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल आहेत. (पंप शोधणाऱ्या येन्स स्कौ यांचा पेपर १९५७ चा, नोबेल १९९७ ला. चाळीस वर्षं!)

पंप बंद पडला तर काय, हे बघायचं असेल तर ब्लड बँकेतली पिशवी आठवा. फ्रिजच्या थंडीत पंप जवळजवळ थांबतो, पण गळती काही थांबत नाही, त्यामुळे लाल पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं आणि रक्त जितके दिवस ठेवाल तितकं पिशवीतल्या द्रवात ते वाढत जातं.

तुमच्या दोन्ही नोट्समध्ये कुठली पेशी आणि तिची कुठली बाजू म्हटलीये तेवढं परत बघा, आणि दिलीच नसेल तर त्या नोट्स अर्धवट आहेत.