आयक्यू १०४ आला, म्हणून काय झालं?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८८ टक्के. क्लासने सगळ्या मुलांची एकदम आयक्यू चाचणी घेतली, तिचा १०४ आला. डॉक्टर व्हायला हा कमी पडेल म्हणून सरांनी ‘मिडब्रेन’चा कोर्स आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या सुचवल्यात. ती मात्र ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कादंबरी वाचत बसते आणि मेंदूवर संशोधन करायचं म्हणते. पुस्तक मी काढून घेतलंय. आयक्यू १२० पर्यंत नेता येईल का?
– एक वडील, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातल्या १०४ची मला काळजी वाटली नाही. पुस्तक काढून घेतलंत, त्याची वाटली.

१९६६च्या या कादंबरीत बेकरीत राबणाऱ्या चार्लीचा बुद्ध्यांक मेंदूच्या शस्त्रक्रियेने ६८ वरून १८५ वर जातो. तिला ती आजच परत द्या, आणि तिची वाचून झाली की चार्लीच्या लहानपणाचा भाग तुम्हीही वाचा. पोरगा चारचौघांसारखा हुशार झालाच पाहिजे, या हट्टापायी त्याची आई त्याला यंत्राने बुद्धी वाढवून देतो म्हणणाऱ्या भोंदू डॉक्टरकडे नेते. पैसे जातात, बुद्धी आहे तिथेच राहते. ‘मी आहे तसा आईला चालत नाही’ हे मात्र पोराच्या मनात घर करतं, आणि मोठेपणी हुशार व्हायची त्याची धडपड तिथूनच आलेली असते. हे वाचणाऱ्या मुलीच्या घरात सध्या मिडब्रेनच्या कोर्सची बोलणी चालू आहेत. तिला काय वाटत असेल?

आता तो आकडा. बुद्ध्यांक म्हणजे टक्के नव्हेत, आणि डोक्यात किती बुद्धी भरली आहे त्याचं मापही नव्हे. आपल्या वयाच्या लोकांत आपण कुठे बसतो, एवढंच तो सांगतो. सरासरी १०० धरलेली असते आणि ८५ ते ११५ मध्ये जवळपास दोन तृतीयांश माणसं येतात. खरी चाचणी मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून घेतात, तासभर तरी लागतो. तरीही आलेल्या आकड्यात चार-पाच गुणांचं मागेपुढे होऊ शकतं, असं ते धरूनच चालतात. तुमच्याकडचा आकडा तर ज्यांना कोर्स खपवायचाय त्यांनीच काढलेला. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे असतात आणि ते एनसीईआरटीची पुस्तकं पुन्हापुन्हा वाचून मिळतात. १०४ तिथे आडवा येत नाही.

मिडब्रेन हा मेंदूच्या देठाचा भाग. डोळ्यांची हालचाल आणि जागेपण सांभाळण्यात त्याचा हात असतो, त्यामुळे कोर्सवाले म्हणतात तसा जाग्या मुलीत तो ‘सुरू’ करायचा प्रश्नच येत नाही. अशा कोर्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात; तिथे कापूस भरला की वाचन थांबतं. गोळ्यांची स्ट्रिप फॅमिली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी देऊ नका. त्यात मिथाइलफेनिडेट असेल तर ते एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं औषध आहे. त्याने झोप आणि भूक उडते, बुद्ध्यांक वाढत नाही. त्यापेक्षा तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लक्ष लागत नाही, दम टिकत नाही, आणि त्यावर साधा उपचार आहे.

मेंदूवर संशोधन करायचं, हे तिचं म्हणणं हवेतलं नाही. १९९९मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात जो त्सिएन यांच्या गटाने एनआर२बी हा जनुक वाढवून उंदीर जास्त लवकर शिकतात, हे दाखवलं. पुढे कळलं की त्याच उंदरांना चिवट दुखणंही जास्त जाणवतं. एक गोष्ट वाढवली की दुसरी का हलते, हे शोधणं म्हणजेच मेंदूसंशोधन.

एमबीबीएस करून न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचार हा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. दुसरा आयसरचा, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा. त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचे १५-१५. नीटच्या नादात अकरावीत गणित सोडलं की पेपरातला चौथा हिस्सा गेला, आणि पुढे मेंदूच्या नोंदींचं विश्लेषण करताना संख्याशास्त्रही अडतं. तेव्हा तिचं गणित सुटलं असेल तर विषय बदलता येतो का, हे या आठवड्यातच कॉलेजात जाऊन विचारा. जाताना तिला बरोबर घ्या आणि बोलू तिलाच द्या.