गिटारच्या पेडलला रिव्हर्ब: आयसी कोणती घ्यावी?

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी एक बूस्टर आणि एक ओव्हरड्राइव्ह अशी दोन पेडलं बनवली, दोन्ही चालतात. आता रिव्हर्ब करायचाय. दुकानदार म्हणतो, पीटी२३९९ घेऊन जा, सगळं त्यात होतं. कॉलेजमधला सीनियर म्हणतो, एफव्ही-१ सोडून दुसरं काही बघूच नको. बँडमधला मित्र बेल्टनची वीट लाव म्हणतो. पैसे एकदाच घालायचेत. काय घेऊ?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: अरे, तुझा दुकानदार आणि तुझा मित्र एकाच आयसीबद्दल बोलताहेत, फक्त दोघांनाही ते ठाऊक नाही. कसं ते सांगतो.

पीटी२३९९ ही तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची. कराओकेच्या मशिनांसाठी ती निघाली. आपल्याकडच्या माइकच्या अँप्लिफायरवर ‘इको’ लिहिलेला जो खुंटा असतो, त्याच्यामागे बऱ्याचदा हीच सापडते. सोळा पाय, पाच व्होल्ट, पोटात ४४ किलोबिट मेमरी. सहाव्या पायावरचा रेझिस्टन्स वाढवला की आतलं घड्याळ मंदावतं आणि आवाज उशिरा बाहेर पडतो. डेटाशीटप्रमाणे साधारण ३० ते ३४० मिलिसेकंद. त्याच्याही पुढे ओढता येते, पण घड्याळ जितकं मंद, तितकी खरखर जास्त. किंमत म्हणशील तर चहा-वड्याच्या पैशांत येते.

पण ही इकोची आयसी आहे. कड्यासमोर हाक मारली की ती एकदा परत येते, तो इको. देवळाच्या दगडी सभामंडपात टाळी वाजवली की ती खांबाखांबावरून, छतावरून इतक्या वाटांनी येते की एकही वाट वेगळी ऐकू येत नाही, तो रिव्हर्ब. बेल लॅब्समधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं: कानाला सलग वाटायचं तर सेकंदाला हजारभर प्रतिध्वनी हवेत. आता तूच हिशेब कर. एका पीटी२३९९चा सर्वांत लहान विलंब ३० मिलिसेकंद. बाहेर आलेला आवाज पुन्हा आत फिरवला तरी सेकंदाला ३३ प्रतिध्वनी. हजार कुठे आणि तेहतीस कुठे! म्हणून एका आयसीवर ‘रिव्हर्ब’ म्हणून जे सर्किट फिरतं, त्यातून स्नेअर ड्रम वाजवला तर पत्र्याच्या पाइपात ओरडल्यासारखं टर्रर्र येतं. दुकानदाराचं म्हणणं मोडीत निघतं ते इथं.

मग बेल्टनची वीट, म्हणजे त्या कंपनीचं रिव्हर्बचं तयार बंद मॉड्यूल, काय करते? तिच्या आत तीन पीटी२३९९ असतात. तिघींचे विलंब वेगवेगळे, आणि एकीचा आवाज दुसरीत, दुसरीचा तिसरीत असा फिरवलेला. त्यामुळे प्रतिध्वनी एकमेकांत गुंतून दाट होतात. अँपमधल्या स्प्रिंगच्या टाकीऐवजी बसवता यावी म्हणून ती बनवली गेली, आणि तिचा स्वभावही थोडा स्प्रिंगकडे झुकतो. बीटीडीआर-२ हे तिचं चलनी मॉडेल. ‘एच’ म्हणजे आडवी, ‘व्ही’ म्हणजे उभी. शॉर्ट, मीडियम आणि लाँग अशा तीन जाती, म्हणजे शेपूट (आवाज विरेपर्यंतचा वेळ) अनुक्रमे २, २.५ आणि २.८५ सेकंदांची. ही लांबी कारखान्यातच ठरलेली, बाहेरून बदलत नाही. बदलायचीच असेल तर बीटीडीआर-३ बघावी लागते.

राहिली एफव्ही-१. सीनियर उगाच उड्या मारत नाहीये. ही स्पिन सेमीकंडक्टरची, कीथ बार यांची. पेडलवाल्या एमएक्सआरचे ते सहसंस्थापक, पुढे अलेसिसही त्यांनीच काढली. २०१०मध्ये ते गेले. एकाच आयसीत स्टिरिओ आत घेणं, हिशेब करणं, बाहेर देणं, सगळं आहे. मनगटी घड्याळात असतो तोच ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लावायचा. आवाजाच्या एका नमुन्याला (सॅम्पलला) १२८ सूचना, आणि विलंबाची मेमरी बरोबर एक सेकंदाची. पोटात आठ तयार प्रोग्रॅम आहेत, त्यांतले शेवटचे दोन निव्वळ रिव्हर्ब. तीन पॉट (खुंट्यानं फिरवायचे रेझिस्टन्स) लावले की शेपटीची लांबी, वरचे स्वर आणि खालचे स्वर हाताखाली येतात. बाहेरून एक २४एलसी३२ मेमरी लावलीस तर स्वतःचे आठ प्रोग्रॅम भरता येतात. ‘सेकंदाला नमुने फक्त ३२ हजार, मग तिखटपणा कमी पडेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घे आणि सोडून दे. गिटारच्या स्पीकरमधून पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही निघतच नाही.

मग अडचण कुठे? ती ३.३ व्होल्टवर चालते, पाच दिलेस की गेली. आणि तिचे २८ पाय भोकात बसणारे नाहीत, बोर्डावर चिकटवायचे, दोन पायांतलं अंतर १.२७ मिलिमीटर. तू आत्तापर्यंत व्हेरोबोर्डवर काम केलं असणार. हिला छोटा अडॅप्टर बोर्ड लागेल. बोर्डावर आधी फ्लक्स सढळ हातानं लाव, आयसी ठेवून एका कोपऱ्याचा पाय टेकव, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा. भिंगातून दोन्ही बाजूंच्या ओळी बघ. एक जरी ओळ सरकलेली दिसली तर आत्ताच सरळ कर, नंतर होत नाही. त्यानंतर सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर अगदी किंचित शिसं घेऊन ओळीवरून सावकाश ओढत जा. फ्लक्स असेल तर ते ज्याच्या त्याच्या पायाशी जाऊन बसतं. दोन पाय जुळलेच तर तांब्याची विणलेली वात ठेवून टोक टेकव, जास्तीचं शिसं ती शोषून घेते.

माझं मत विचारतोस तर पहिल्या रिव्हर्बला वीट घे, बीटीडीआर-२एच, मीडियम. लाँग घ्यायचा मोह होईल, घेऊ नकोस. बँडमध्ये ड्रम आणि बास सुरू झाले की लांब शेपटीचा नुसता चिखल होतो. एफव्ही-१ दुसऱ्या फेरीला घे, आणि तेव्हा एका रिव्हर्बसाठी म्हणून नाही, तर प्रोग्रॅम लिहायची हौस असेल तर. स्पिनकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो. तुझ्यासारख्याचा त्यात वर्षभर वेळ मजेत जाईल.

आणि मला विचारशील तर आयसीपेक्षा तिच्या आजूबाजूला काय आहे त्यावर आवाज जास्त ठरतो. गिटारचा ड्राय (रिव्हर्ब न लागलेला मूळ) सिग्नल विटेतून किंवा एफव्ही-१मधून नेऊच नकोस. टीएल०७२ या दोन ऑप-अँपच्या आयसीच्या एका अर्ध्यातून बफर कर (म्हणजे गिटारवर भार न टाकता सिग्नल पुढे दे), तिथून दोन फाटे काढ. एक सरळ बाहेर, दुसरा विटेकडे, आणि विटेचा आवाज शेवटी एका पॉटमधून दुसऱ्या अर्ध्यात मिसळ. म्हणजे रिव्हर्ब शून्यावर नेला की तुझी गिटार जशीच्या तशी. विटेकडे जाणाऱ्या फाट्यावर लहान कंडेन्सर टाकून खालचे स्वर थोडे काप. जाड तारांचा गडगडाट रिव्हर्बमध्ये गेला की सगळं गढूळ होतं. रेग्युलेटर ७८०५ मोठा लाव. ७८एल०५ची झेप १०० मिलिअँपिअरची, आणि तीन पीटी२३९९ एकदम चालवायच्या तर तो उगाच तापत बसतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीचा विचार सोड, अडॅप्टरच वापर. जागेचं म्हणशील तर सगळं १५९०बी या पेडलांच्या नेहमीच्या छोट्या धातूच्या खोक्यात मावतं.

पेडलबोर्डावर हे ओव्हरड्राइव्हच्या नंतर ठेव. आणि तो बूस्टर याच्या तोंडाशी पूर्ण उघडू नकोस. वीट पाच व्होल्टवर चालते, तुझा बूस्टर नऊवर, त्याचा मोठा सिग्नल विटेला झेपणार नाही. ड्राय आवाज स्वच्छ राहील आणि मागची शेपूट फाटलेली येईल, मग दोन दिवस सोल्डर तपासत बसशील.

प्रश्न: मी हवाईयन गिटार वाजवते, जुनी चित्रपटगीतं. पीटी२३९९चा डिले स्वतः बनवला. कधी कधी चालू केला की डिलेचा आवाजच येत नाही. बंद करून पुन्हा लावला की येतो. आयसी बदलली तरी तेच. एका आयसीचा रिव्हर्ब नको हे पटलंय, पण हा तरी नीट चालावा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आयसी ठणठणीत आहे, नवी आणू नका. वेळेचा पॉट पूर्ण कमीवर असताना पेडल चालू होत असेल, तेव्हाच हे होतं ना? चालू होण्याच्या क्षणी सहाव्या पायावर फार कमी रेझिस्टन्स दिसला की ही आयसी अडकून बसते. पॉट आणि सहावा पाय यांच्या मधे २.२ किलोओहमचा एक रेझिस्टन्स कायमचा टाका. सर्वांत लहान विलंब मग ५५ मिलिसेकंदांच्या आसपास येईल. हवाईयन गिटारला त्याहून लहान विलंबाचा उपयोगही नाही, तुमचे मींडचे लांब स्वर आहेत. तिसरा पाय ॲनालॉग ग्राउंड, चौथा डिजिटल ग्राउंड. दोन्हींच्या तारा वेगळ्या नेऊन पॉवर येते तिथेच एकत्र करा, मागची बारीक शिट्टीही कमी होईल.

प्रश्न: एमएन३०११ ही रिव्हर्बसाठीची जुनी जपानी आयसी इंटरनेटवर स्वस्तात दिसते. घ्यावी का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नको. मात्सुशिताची ती आयसी खरंच सुंदर होती: ३,३२८ पायऱ्या आणि मधे आवाज काढून घ्यायला सहा वाटा. पण तिचं उत्पादन बंद होऊन जमाना झाला. स्वस्तात जी मिळते ती बहुधा दुसरीच कुठली तरी, घासून वर नवीन अक्षरं छापलेली. ॲसिटोनचा बोळा फिरवला की अक्षरं उतरतात, पण तोवर पैसे गेलेले असतात.

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरमधला इकोचा बोर्ड निघालाय. पुतण्याच्या गिटारला जोडून देता येईल का? अँप्लिफायरच्याच ट्रान्सफॉर्मरवर चालवावा म्हणतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: बोर्ड जरूर द्या, ट्रान्सफॉर्मर मात्र देऊ नका. २३० व्होल्टची वस्तू पोराच्या पायाखालच्या लोखंडी डब्यात नको. बाहेरचा नऊ किंवा बारा व्होल्टचा डीसी अडॅप्टर घ्या. बोर्डावर पाच व्होल्टचा रेग्युलेटर असतोच, नसला तर ७८०५ लावा. पोलॅरिटी एकदा मीटरवर बघून घ्या, गिटारच्या पेडलांत मधली पिन निगेटिव्ह असते आणि आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर उलटे असतात.

दुसरं, ते इनपुट माइकसाठी आहे. गिटारचा पिकअप त्याला थेट जोडला तर वरचे स्वर मरतात, कांबळं टाकल्यासारखा आवाज येतो. मधे टीएल०७२चा बफर हवा, आत जाताना एक मेगाओहम दिसेल असा. पुतण्याला वरचं सांगलीच्या मुलाचं उत्तर वाचायला द्या, त्यात ड्राय सिग्नलचे दोन फाटे सांगितलेत, इथेही तसंच करायचं. रिव्हर्ब यातून निघणार नाही, इको मात्र झकास मिळेल. आणि मंडळाचा अँप्लिफायर अजून वापरात असेल तर बोर्ड काढल्यावर सुटलेल्या तारा नीट टेप करून ठेवा, पुढच्या एकादशीला कोणाचा तरी हात लागेल.