प्रश्न तुमचे, उत्तरं रिंगजवळून : पराभवांच्या आकड्यांत दडलेले बॉक्सर

प्रश्न : इमॅन्युएल ऑगस्टसचं रेकॉर्ड आहे ३८ विजय, ३४ पराभव, ६ बरोबरी. तरी माजी विश्वविजेता फ्लॉइड मेवेदर आपल्या कठीण प्रतिस्पर्ध्यांमध्ये त्याचं नाव सगळ्यात वर घेतो. हे निव्वळ सौजन्य की खरंच तसं होतं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : खरंच तसं होतं. ही लढत २१ ऑक्टोबर २००० ला डेट्रॉइटमध्ये झाली. ऑगस्टस तेव्हा इमॅन्युएल बर्टन या नावाने खेळायचा. नवव्या राउंडला त्याच्या कॉर्नरने (कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी) लढत थांबवली, त्यामुळे नोंदीत फक्त एक पराभव दिसतो. आधीचे आठ राउंड मात्र जरूर पाहा. मेवेदरचा बचाव समोरच्याची लय ओळखण्यावर उभा असतो. ठोसा केव्हा येणार हे कळलं, की तो खांद्यावरून घसरवायचा आणि लगेच उजव्या हाताने परत द्यायचा. ऑगस्टस ही लयच सापडू देत नसे. गुडघे सैल, खांदे हेलकावत, अर्ध्यावर थांबवलेला हात आणि मग भलत्याच कोनातून आलेला दुसरा हात. पाहणाऱ्याला तो नाच वाटायचा, पण पाय नेहमी ठोशाच्या टप्प्यात असायचे. मार खाऊनही तो मागे सरकत नसे, त्यामुळे मेवेदरला श्वास घ्यायला जागाच मिळेना.

पुढच्या वर्षी, १३ जुलै २००१ ला, तो अमेरिकेच्या मिकी वॉर्डशी दहा राउंड लढला आणि पंचांच्या गुणांवर हरला. 'द रिंग' मासिकाने त्या लढतीला वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवलं. २००४ मध्ये मिशिगनमध्ये, तिथल्याच कोर्टनी बर्टनविरुद्ध, तो विभागून दिलेल्या निर्णयावर (दोन पंच एका बाजूने, एक दुसऱ्या) हरला. तो निकाल पाहणाऱ्यांना आजही पटत नाही, आणि आमच्या मते तो उघड अन्याय होता. ३४ पराभवांमध्ये असे पराभवही मोजलेले आहेत. ऐनवेळी आलेलं बोलावणं, परकं गाव, समोर प्रमोटरचा लाडका बॉक्सर, असं असलं तरी ऑगस्टस 'हो' म्हणायचा. ज्याच्यामागे प्रमोटर उभा असतो त्याला अशा लढती घ्याव्याच लागत नाहीत.

प्रश्न : मग रेकॉर्ड वाचायचं तरी कसं? मोबाईलवर तर नुसते हिरवे-लाल चौकोन दिसतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी तारखा पाहा. दोन लढतींत दोन-तीन आठवड्यांचंच अंतर असेल, तर बॉक्सर तयारीशिवाय उतरतोय असं समजा. पूर्ण तयारीला सहा ते आठ आठवडे लागतात. मग ठिकाण पाहा. सगळे पराभव समोरच्याच्या गावात आणि तेही गुणांवर असतील, तर लाल रंगावर (म्हणजे पराभवावर) फार भरवसा ठेवू नका. ग्लेन जॉन्सन हे याचं ठळक उदाहरण. १९९७ मध्ये तेव्हाच्या विश्वविजेत्या बर्नार्ड हॉपकिन्सकडून पहिला पराभव होईपर्यंत तो ३२ लढती अपराजित होता. त्यानंतर दुसऱ्यांच्या देशात जाऊन लढत राहिला आणि पराभव साचत गेले. २५ सप्टेंबर २००४ ला मेम्फिसमध्ये त्याने रॉय जोन्स ज्युनियरला नवव्या राउंडला आडवा केला आणि डिसेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरलाही हरवलं.

तिसरी गोष्ट वयाची. मेक्सिकोचा ओर्लांडो सालिडो १९९६ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना व्यावसायिक झाला. त्याचे बरेच पराभव कोवळ्या वयातले आहेत. १ मार्च २०१४ ला दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं गाठीशी असलेला युक्रेनचा लोमाचेंको त्याच्यासमोर आला, तेव्हा सालिडोच्या नावावर १२ पराभव होते. सालिडो जिंकला. मात्र त्याने १२६ पौंडांची वजनमर्यादा पाळली नव्हती आणि पट्ट्याखालचे, म्हणजे नियमबाह्य, ठोसेही भरपूर मारले. हे सांगितल्याशिवाय त्या विजयाचं कौतुक करणं बरोबर नाही. थायलंडच्या श्रीसाकेतची सुरुवातही अशीच. पहिल्या पाच लढतींत एक विजय, तीन पराभव, एक बरोबरी. २०१७ मध्ये त्याने ४६ लढती अपराजित असलेल्या रोमान गोन्झालेसला एकदा नव्हे, दोनदा हरवलं.

शेवटी पंचांच्या गुणपत्रिका शोधा. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं. गुण होते ९६–९३, ९५–९४, ९५–९४. दोन पंचांकडे फक्त एका गुणाचा फरक! झुल्पिकारच्या रेकॉर्डवर मात्र साधा पराभव.

प्रश्न : १३ पराभव नावावर असलेल्या रॉस प्युरिटीने पुढे हेवीवेट विश्वविजेता झालेल्या व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं, तो केवळ योगायोग होता का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही. ५ डिसेंबर १९९८, किव्ह. क्लिच्को २४ पैकी २४ जिंकलेला, प्युरिटी २४ विजय, १३ पराभव, एक बरोबरी. प्युरिटीची हनुवटी दगडासारखी होती, म्हणजे मार खाऊनही तो पडत नसे, आणि त्याने १९९४ मध्ये टॉमी मॉरिसनला बरोबरीत रोखलं होतं. क्लिच्को लढती लवकर संपवायला सरावलेला. त्याने सुरुवातीच्या राउंडमध्ये जोरदार ठोशांचा मारा केला, पण प्युरिटी हात वर ठेवून ते झेलत राहिला आणि पुढे चालत राहिला. जड वजनाच्या बॉक्सरला प्रत्येक पूर्ण ताकदीचा ठोसा महागात पडतो. पायांतला जोर संपला की जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) छोटा होतो, हात खाली येतात. अकराव्या राउंडला क्लिच्कोच्या कॉर्नरलाच लढत थांबवावी लागली.

डार्नेल बूनचंही नाव इथे घ्यायलाच हवं. त्याच्या नावावर जवळपास विजयांइतकेच पराभव आहेत. पण त्याने २००५ मध्ये पुढे विश्वविजेता झालेल्या आंद्रे वॉर्डला खाली पाडलं आणि २०१० मध्ये अ‍ॅडोनिस स्टीव्हन्सनला दुसऱ्याच राउंडला संपवलं. हाच स्टीव्हन्सन २०१३ मध्ये विश्वविजेता झाला.

प्रश्न : म्हणजे खूप हरलेला प्रत्येक जण धोकादायक समजायचा?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही. ब्रिटनचा पीटर बकली ३०० लढती लढला आणि २५६ हरला. उगवत्या बॉक्सरना पूर्ण राउंड खेळायला देणं आणि स्वतः दुखापत न होता घरी जाणं, हे त्याचं काम होतं आणि त्यात तो निष्णात होता. बचाव उत्तम, पण समोरच्याला त्याच्याकडून भीती नव्हती. फरक ओळखायचा तर त्या बॉक्सरने जिंकलेल्या किंवा अटीतटीने हरलेल्या लढतींत समोर कोण होतं ते पाहा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे, जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. समोरचा मुलगा पाचपैकी चार लढती हरलेला आहे, म्हणून आमचा निर्धास्त आहे. काय सांगावं?
— एक पालक, परळ

उत्तर : आधी ते चार पराभव कोणाकडून झाले ते विचारा. राज्य पातळीच्या मुलांकडून गुणांवर हरलेला मुलगा पहिलटकराला जड जातो. त्याची मोबाईलवरची एखादी लढत मिळाली तर तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा जॅब मारल्यावर त्याचा हात कुठे परततो ते, तिसऱ्यांदा प्रत्येक राउंडचा शेवटचा अर्धा मिनिट. थकल्यावर तो काय करतो हे तिथेच कळतं. तो डावखुरा असेल तर तुमच्या मुलाने पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा आणि उजवा सरळ ठोसा वापरायचा.

निर्धास्त मुलगा नेहमी एकच चूक करतो. नॉकआउटसाठी पहिल्याच राउंडमध्ये सगळी ताकद ओततो आणि तिसऱ्या राउंडला त्याचे हात उचलत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत, पत्र्याच्या शेडखाली, हे आणखी लवकर होतं. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती, असा सराव आठवड्यातून दोनदा करून घ्या आणि प्रत्येक राउंडला नवा, ताजा जोडीदार द्या. शेवटचा सराव लढतीच्या चार दिवस आधी थांबवा. पहिला अर्धा मिनिट त्याने फक्त जॅबने अंतर मोजावं आणि प्रत्येक जॅबनंतर हात गालाशी आणावा. पंच स्वच्छ लागलेले ठोसे मोजतात, हातमोज्यांवर आपटलेले नाहीत.