तुमचे प्रश्न : वरची खोली द्यावी का?

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. वय ६३. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. कुटुंब निवृत्तिवेतन महिना १७,५०० रुपये येतं. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी लातूरला दिली आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, तिला वेगळं न्हाणीघर-संडास आणि बाहेरून जिना. ओळखीच्यांनी बार्शीची एक मुलगी सुचवली आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नुसत्या खोलीचे ३,५०० किंवा जेवणासकट ६,००० द्यायला तिचे वडील तयार आहेत. मुलगा म्हणतो, "आई, नको ती कटकट." ओळखीचे म्हणतात, शंभरच्या स्टँपवर नोटरी केली की झालं. पैशांची गरज आहे, आणि रात्री घर खायला उठतं हेही खरं. काय करू?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, खोली द्या. सोलापुरातच बाळीवेशीतल्या माझ्या घरात मी एकवीस वर्षं मुली भाडेकरू म्हणून ठेवल्या आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा ठेवीन. पण भाड्याचा आकडा ठरवण्याआधी गच्चीवर जा आणि टाकी किती लिटरची आहे ते बघा.

आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सरकारी मापदंडात शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच दिवसांचे एका माणसाचे ६७५ लिटर झाले. तुमची टाकी हजार लिटरची असेल तर आजवर तुम्हाला पाण्याची काळजी कळलीच नसेल. दुसरं माणूस आलं की १,३५० लिटर लागतात. उन्हाळ्यात वरच्या खोलीत कूलर लागणारच, आणि तो दिवसाला दोन-तीन बादल्या सहज पितो. म्हणजे चौथ्या दिवशी टाकी कोरडी आणि मुलगी डोक्याला शिकेकाई लावून बसलेली. हे माझ्याकडे घडलेलं आहे. त्यानंतर मी खाली आणखी हजार लिटरची टाकी बसवली, मगच दुसरी मुलगी घेतली. टाकी आणि मोटर यांचा खर्च पहिल्या वर्षाच्या भाड्यातून वजा धरा, म्हणजे खरी मिळकत किती ते समजेल.

पाण्याच्या दिवसाची वाटणीही आधी ठरवा. पाणी कधी पहाटे चारला येतं. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. माझ्याकडे मंगळवेढ्याची एक मुलगी होती, तिची झोप सावध. ती जिन्यातूनच हाक द्यायची, "मावशी, उठा, पाणी यायलंय!" मी मोटर लावायची, ती पिण्याचं पाणी गाळून भरायची. दोघींचं काम वीस मिनिटांत उरकायचं. अशी मुलगी मिळणं नशिबाचा भाग आहे, पण पिण्याचं पाणी कोणी भरायचं हे पहिल्या दिवशी बोलून ठेवणं आपल्या हातात आहे.

आता कागदाचं. नोटरीवर विसंबू नका. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. कागद नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

हे कलम मी फार उशिरा वाचलं. २०११ साली मागची खोली एका गृहस्थांना दिली होती. जवळच्या ओळखीतून आले, म्हणून कागद करायचा संकोच वाटला. दोन वर्षांनी माझी लेक बाळंतपणाला यायची होती, म्हणून खोली मागितली. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाच वर्षांसाठी दिली होती." वकिलांनी माझ्यासमोर कायद्याचं पुस्तक उघडलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. खोली रिकामी व्हायला चौदा महिने गेले. नातवाचा पाळणा माझ्या नणंदेच्या घरी बांधावा लागला. ते मला आजही लागतं.

म्हणून बार्शीच्या त्या सद्गृहस्थांना मोकळेपणानं सांगा, "करार नोंदवूया, तुमच्याही मुलीच्या हिताचं आहे." चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

खर्च फार नाही. मुदतीचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. तुमचे अकरा महिन्यांचे ३८,५०० होतात. ७,००० डिपॉझिट धरलं तरी शुल्क शंभर-दोनशेच्या घरात राहतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे काम आता ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, दोन साक्षीदार लागतात. करार करून देणारे आपली फी वेगळी घेतात, ती आधी विचारा आणि खर्च कोणी करायचा तेही ठरवा. मी निम्मा-निम्मा करायची.

पहिल्या वर्षाच्या मुलीचं वय नीट बघा. अठरा पूर्ण नसतील तर तिच्या सहीला कायद्यात किंमत नाही, करार वडिलांशी करा. अठरा झाली असेल तरी वडिलांचं नाव, पत्ता आणि फोन तुमच्याकडे हवा. भाडेकरूची माहिती आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती भरता येते.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला तिचीच काळजी वाटते. घर कोणाच्या नावावर आहे? यजमानांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघेही सारखे वारस आहात, सासूबाई हयात असतील तर त्याही. करार करण्याआधी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या बिलावर वारसांची नावं लावून घ्या आणि दोन्ही मुलांची लेखी संमती ठेवा. मुलाला या कामात सोबत घेतलंत तर त्याचं "कटकट नको" निम्मं तिथंच विरेल. त्याला तुमची काळजी आहे, विरोध करायचा म्हणून तो करत नाही, असं मला पत्रावरून वाटतं. खोली भाड्यानं दिल्यावर घरपट्टीत काही फरक पडतो का, तेही त्याच फेरीत महापालिकेत विचारा.

आता ते ६,०००. इथं जरा थांबा. जेवणासाठी वरचे २,५०० म्हणजे दिवसाला ८३ रुपये. त्यात सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. दिवसाला तीन भाकऱ्या म्हटल्या तरी महिन्याला आठ-नऊ किलो ज्वारी, वर भाजी, डाळ, तेल, दूध, शेंगादाणे. शेंगाचटणी सोलापुरात ताटाला लागतेच, आणि वसतिगृहाच्या वयाची मुलं ती वाटीनं खातात. माझं सिलिंडर एकटीला दोन महिने जायचं, एक मुलगी जेवायला आली की चाळीस दिवसांवर यायचं. सगळं वहीत मांडलं तर २,५०० मधून हाती काही उरत नाही, आणि सकाळी साडेसहाला उठून तव्यापुढं उभं राहण्याचं मोल तर आपण बायका धरतच नाही. ते धरा. माझं मत असं की पहिले तीन महिने नुसती खोली द्या. मुलगी मेसचा डबा लावू दे. पटलं, हातून होईल असं वाटलं, तर खोलीच्या भाड्याशिवाय जेवणाचे वेगळे ३,५०० घ्या, त्याखाली जेवण देऊ नका. सुट्टीत ती गावी गेली तर खोलीचं भाडं चालू, जेवणाचे पैसे दिवसांप्रमाणे वजा, हे लिहून ठेवा.

हे सगळं सांगूनही एक कबूल करते. आमचे हे गेल्यानंतर मी कित्येक महिने चुलीवर नीट काही चढवलंच नव्हतं. चहा-पोळीवर दिवस निघायचा. मुलगी जेवायला आली तेव्हा मी पुन्हा फोडणी दिली आणि मलाच भूक लागली. तुमचं तसं झालं तर आनंदच आहे. फक्त ती मुलगी अभ्यासाला आली आहे हे लक्षात असू द्या. संध्याकाळी ती दार लावून वाचत बसली तर मनाला लावून घेऊ नका.

लाइटबिलासाठी वरच्या खोलीला सबमीटर लावा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, पुढच्या टप्प्यात तो बराच चढतो. एकट्या माणसाचं बिल शंभर युनिटच्या आत राहतं. दोनशे वॅटचा कूलर रात्रभर दहा तास चालला की दोन युनिट, महिन्याचे साठ. तेवढ्यानं तुम्ही वरच्या टप्प्यात जाता. सबमीटरचे युनिट आणि तुमचं आधीचं बिल समोर ठेवून जितकं वाढलं तितकं घ्या, त्यावर नफा नको.

पाहुण्यांचं सोलापुरात विशेष बोलावं लागतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, एरवी तुळजापूर आणि अक्कलकोट, दोन्ही तास-दीड तासाच्या वाटेवर. मुलीचे आई-वडील मुक्कामाला येणारच, आणि यावेत. पण मावशी, काका, त्यांची दोन मुलं, असं पाच जणांचं बिऱ्हाड तीन दिवस उतरलं की पुन्हा टाकीचा प्रश्न येतो. आई-वडील किती रात्री राहू शकतात आणि बाकीच्यांचं काय, हे करारातच एका ओळीत लिहा.

डिपॉझिट दोन महिन्यांचं पुरे. ते खर्च करू नका, बँकेत वेगळं ठेवा. ती जाईल त्या दिवशी ते हातात द्यायचं आहे. खोलीचे, पंख्याचे, नळाचे फोटो आधीच काढून वडिलांच्या फोनवर पाठवा. भाड्याची पावती दर महिन्याला द्या, कायद्यानं ती द्यावीच लागते.

प्राप्तिकराची भीती नको. खोलीचं भाडं घरापासूनचं उत्पन्न धरलं जातं. त्यातून त्या भागाची भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवणाचे पैसे त्यात येत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा. तुमचं निवृत्तिवेतन वर्षाला २,१०,००० आणि भाडं ४२,०००. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. बँकेतल्या ठेवींचं व्याज मात्र बेरजेत धरायला विसरू नका.

आणि अकरा महिने झाले की करार आपोआप पुढं चालू ठेवू नका. नवा करा, नोंदवा. नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपूनही कोणी खोली सोडली नाही, तर याच भाडे कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. तो कागद तेव्हा माझ्याकडे असता तर पाळणा बाळीवेशीत बांधला असता.

प्रश्न : विजापूर रोडला दोन वर्षं खोली घेऊन राहिलो. सोडताना मालकांनी १०,००० च्या डिपॉझिटमधून रंगाचे ४,००० कापले. हे बरोबर आहे का? — एक वाचक, मूळ गाव करमाळा

उत्तर : आधी तुमचा करार काढून वाचा. सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूनं द्यायचा असं त्यात लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर तो द्यावा लागेल. तसं काही नसेल तर दोन वर्षांत रंग फिका पडणं ही वापरातली झीज आहे, ती मालकाची. भिंतीला खिळे मारून गिलावा पाडला असेल तर तेवढी दुरुस्ती तुमची. मालकांकडे रंगाऱ्याचं बिल मागा, तोंडी नको, फोनवर लेखी संदेश पाठवून मागा. उत्तर आलं नाही तर वकिलांकडून एक नोटीस द्या. आणि राहायला आला तेव्हाचे खोलीचे फोटो असतील तर ते आजच शोधून जपून ठेवा.