नवऱ्याशी रोजची भांडणं ऑनलाइन समुपदेशनाने खरंच कमी होतात का?

तुम्ही विचारलंय की रोजच्या खटक्यांवर मोबाइलवर बोलून काही फरक पडतो का, आणि नाशिकमध्ये प्रत्यक्ष कुणाकडे गेलं तर ओळखीचं कोणीतरी बघेल अशी धास्ती वाटते.

धास्तीचं आधी सांगते, कारण ती रास्त आहे. कॉलेज रोडवर अशा पाटीखालून जिना चढायला लागलं की मावशीची जाऊ दिसणारच! आम्ही त्यासाठीच ऑनलाइन घेतलं. पण सिडकोतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे आणि मुलासमोर बोलणार कुठे? शेवटी गंगापूर रोडला सोमेश्वरच्या अलीकडे गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि मोबाइल डॅशबोर्डला टेकवायचा, असं सुरू झालं. उन्हाळ्यात घामाने निथळायचो. तेव्हा फी किती हे विचारायच्या आधी बोलायला जागा कोणती ते ठरवा.

आता फायद्याचं. नवरा पहिल्यांदा आला तो कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखा, सगळे मुद्दे पाठ करून. समुपदेशक मॅडमनी विचारलं भलतंच. शेवटचं भांडण किती वाजता झालं? पहिलं वाक्य कोणाचं? तेव्हा जेवण झालं होतं का? सांगता सांगता आमच्याच लक्षात आलं. त्याची अंबडला सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा. मी ताट वाढता वाढता दिराच्या द्राक्षबागेला दिलेल्या पैशांचा विषय काढणार. ऑक्टोबर छाटणीला मजुरी, औषधं सगळं एकदम लागतं, त्यामुळे दिंडोरीहून फोन येणार हे दरवर्षी ठरलेलंच.

मॅडमनी कोण बरोबर, कोण चूक हा निवाडा केलाच नाही. (मला खरं तर तोच हवा होता.) पैशांचं बोलणं रविवारी सकाळी, वही समोर ठेवून करायचं, आणि गावी वर्षाला किती द्यायचे तो आकडा छाटणीच्या आधीच दोघांनी ठरवायचा, असं ठरलं. रात्री विषय निघालाच तर "रविवारी" एवढंच म्हणायचं. दीर बदलला नाही, सासूबाईही नाहीत. रात्रीचा आरडाओरडा मात्र बराच थांबला. समुपदेशनाकडून एवढीच अपेक्षा ठेवा. माझ्या मते हेही पुष्कळ आहे.

नवरा तयार नसेल तर एकटीने सुरू करा. माझाही "मला काय वेड लागलंय का" म्हणून सुरुवातीला आला नव्हता. मराठी बोलणारी व्यक्ती मागून घ्या, नाहीतर तो तोंडच उघडणार नाही.

माणूस निवडताना शिक्षण स्पष्ट विचारा. चार दिवसांचा कोर्स करूनही लोक काउन्सेलर म्हणवून घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला लाजू नका. गोळ्या लिहून द्यायचं काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मानसोपचाराच्या डॉक्टरांचं. बोलणं रेकॉर्ड होतं का, तेही विचारून घ्या. आणि "तुमचं लग्न वाचवतोच" अशी हमी कुणी दिली तर फोन ठेवून द्या.

एक गोष्ट वेगळी. तो हात उगारत असेल तर जोडीने समुपदेशन नकोच. तिथे बोललेल्याचा राग घरी तुमच्यावर निघतो. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवावर बेतलं तर सरळ ११२.

पैसे घालवायच्या आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. कधी जीव नकोसा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, रात्री कितीही वाजता तिथेच फोन लावा.