किमतीची पट्टी नसलेले प्रदर्शन

आदरणीय महोदय,

आपली कन्या जी. डी. आर्ट या कलाशिक्षणातील पदविकेच्या अखेरच्या वर्षाला असून तिला कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मित्रमैत्रिणींसह विक्रीविना प्रदर्शन भरवायचे आहे, आणि पुढेही प्रदर्शने घडवण्याचेच काम करायचे आहे, असे आपण लिहिले आहे. ‘चित्रे विकायचीच नाहीत तर पोट कशावर भरणार?’ हा आपला प्रश्न रास्त आहे.

चित्र न विकणे आणि कामाचे पैसे न घेणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. कोचीत २०१२ पासून भरणारे द्वैवार्षिक कलाप्रदर्शन विक्रीसाठी नसते. तरीही तिथे क्युरेटर (म्हणजे कलाकृती निवडून प्रदर्शनाची आखणी करणारे), मांडणी करणारे, प्रकाशयोजनाकार आणि प्रेक्षकांना कलाकृती समजावून देणारे यांना काम मिळते. संग्रहालयांतही हीच कौशल्ये लागतात. मात्र अशा नोकऱ्या थोड्या, बहुतेक मोठ्या शहरांत, आणि सुरुवातीचे वेतन बेताचे, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

कोल्हापूरला हा विचार परका नाही. टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या कलासंस्थेच्या मैफलीत चित्रकार व शिल्पकार लोकांसमोर काम करतात आणि शेजारी गाणे चालू असते, तिथे येणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून येत नाही. चित्रकार आबालाल रहिमानांनी रंगवलेले रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलाव पाहताना इथला प्रेक्षक आपलेच गाव ओळखतो, त्यावर घरच्यांशी वादही घालतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठेही बसले तरी कुस्ती दिसते, तशी मांडणी कलादालनात साधणे, म्हणजे चित्राची उंची, दोन चित्रांतील अंतर, सोप्या मराठीतील माहितीपट्टी आणि शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवलेली सकाळ यांचा विचार करणे, हेच या व्यवसायाचे खरे शिक्षण आहे. (उद्घाटनाला पाहुणे किती, यावर आपल्याकडे उगीचच जास्त वेळ जातो.)

शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय यांचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पाहावेत. जी. डी. आर्ट ही पदविका असल्याने सर्वत्र ती पदवीशी समकक्ष धरली जाईलच असे नाही. त्यामुळे प्रवेशाची अट आधी लेखी विचारून घ्यावी आणि गरज पडल्यास पदवी पूर्ण करावी.

सध्याच्या प्रदर्शनापुरते तिला दालनाचे भाडे, फ्रेम, वाहतूक आणि छपाई यांचा खर्च मांडायला सांगा, व त्यात मांडणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे मानधनही धरायला लावा. तो खर्च देणगीतून किंवा प्रायोजकाकडून उभा करण्याचा प्रयत्न तिने स्वतः करावा. प्रदर्शनाची छायाचित्रे, माहितीपट्ट्यांचा मजकूर आणि हा हिशेब एकत्र ठेवल्यास प्रवेशाच्या मुलाखतीत ते दाखवता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक